वार खाली असताना : सिझेरियनमधील रक्तस्राव आणि त्याचे नियंत्रण

वार्षिक अहवालाच्या या भागात रुग्णालयातील एखाद्या विभागाच्या कार्याची सविस्तर ओळख करून देण्याचा आमचा प्रयत्न असतो. ताळेबंद आणि रुग्णसंख्येचे तक्ते यांवरून किती काम झाले ते समजते. परंतु ते काम कसे चालते आणि त्यासाठी काय सिद्ध ठेवावे लागते, हे त्यांतून उमगत नाही. यंदा प्रसूतिविभागातील एका अवघड शस्त्रक्रियेचा विषय निवडला आहे. आम्ही वैद्यकीय व्यवसायातील नाही. विभागातील स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि परिचारिका यांच्याकडून जे समजून घेतले, ते सन्माननीय देणगीदार, रक्तदाते व हितचिंतक यांच्यासमोर प्रशासनाच्या दृष्टिकोनातून मांडत आहोत.

वार कोठे असते, कोठे नसावी

गर्भाला मातेच्या रक्तातून प्राणवायू व पोषण पुरविणारा अवयव म्हणजे वार. सर्वसाधारणपणे ती गर्भाशयाच्या वरच्या भागात, पुढील किंवा मागील भिंतीस चिकटलेली असते. सुमारे दोनशे बाळंतपणांमागे एकात मात्र ती अगदी खाली, गर्भाशयमुखाच्या तोंडावरच पसरलेली आढळते. या अवस्थेस ‘प्लासेंटा प्रीव्हिया’ म्हणतात. बाळाची वाटच अडलेली असल्याने अशा वेळी सिझेरियन शस्त्रक्रियेवाचून पर्याय राहत नाही.

पाचव्या महिन्यातील सोनोग्राफीत वार खाली दिसली म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही. गर्भाशय वाढत जाते तशी बहुतेक स्त्रियांमध्ये ती मुखापासून दूर सरकते. म्हणूनच आठव्या महिन्यात पुन्हा तपासणी करण्यास सांगितले जाते. त्या वेळीही ती मुखावरच असेल, तर विषय गंभीर होतो. शेवटच्या काही आठवड्यांत गर्भाशयाचा खालचा भाग ताणला जाऊ लागतो, वार तेथून किंचित सुटते आणि लालभडक रक्त जाऊ लागते. पोटात दुखत नाही, कळा नसतात. त्यामुळे घरची मंडळी पुष्कळदा ‘थोडे थांबून पाहू’ म्हणतात. वेदना नाही म्हणून धोका नाही, हा समज येथे जिवावर बेतू शकतो.

रक्त थांबत का नाही?

निसर्गाने बाळंतपणातील रक्तस्राव थांबविण्याची योजना गर्भाशयाच्या स्नायूंतच करून ठेवली आहे. वरच्या भागातील स्नायूंचे तंतू एकमेकांत गुंफलेले असून त्यांच्या मधून रक्तवाहिन्या जातात. वार सुटताच गर्भाशय आकसते आणि दोरीचा फास आवळावा तसे हे तंतू रक्तवाहिन्यांची तोंडे मिटवून टाकतात. खालच्या भागात हा स्नायूंचा थर पातळ असतो. वार तेथे असेल तर ती सुटल्यावर उघड्या पडलेल्या वाहिन्या मिटविण्याचे बळ त्या भागात नसते. वरचा भाग उत्तम आकसलेला असूनही खालून रक्त वाहत राहते, ते याच कारणाने.

हिशेबाच्या भाषेत सांगावयाचे, तर दिवस भरलेल्या गर्भवतीच्या शरीरात साधारणपणे सहा लिटर रक्त असते आणि तिच्या गर्भाशयातून दर मिनिटाला ५०० ते ७०० मिलिलिटर रक्त फिरत असते. म्हणजे शरीरातील सर्व रक्ताइतके रक्त दहा-बारा मिनिटांत त्या एका अवयवातून जाते. शस्त्रक्रियागृहातील प्रत्येक मिनिटाचे मोल यावरून ध्यानी यावे. शिवाय तरुण स्त्रीचे शरीर बराच काळ तग धरते. नाडी जलद होते, पण रक्तदाब पुष्कळ रक्त गेल्यानंतरच खाली येतो. यास्तव केवळ रक्तदाबाच्या आकड्यावर विसंबून चालत नाही. किती रक्त गेले याचा डोळ्यांनी केलेला अंदाजही प्रत्यक्षापेक्षा कमी भरतो. म्हणून रक्ताने भिजलेले मॉप आणि कापडे वजनकाट्यावर ठेवून मोजली जातात. एक ग्रॅम वाढलेले वजन म्हणजे साधारण एक मिलिलिटर रक्त. शस्त्रक्रियागृहात वजनकाटा कशासाठी, असे विचारणाऱ्यांना आम्ही हेच उत्तर देतो.

शस्त्रक्रियेतील पायऱ्या

पहिला निर्णय छेद कोठे घ्यावयाचा हा असतो. वार पुढील भिंतीवर असेल तर नेहमीच्या जागी घेतलेला छेद थेट तिच्यावर येतो. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी सोनोग्राफी पाहून वारेची कड कोणत्या बाजूस आहे ते निश्चित केले जाते आणि शक्य तितके तिला टाळून बाळ बाहेर काढले जाते.

बाळ येताच गर्भाशय आकसविणारी औषधे दिली जातात. त्यांत ऑक्सिटोसिन हे प्रमुख आहे. आवश्यकतेनुसार मिथाइलअर्गोमेट्रिन, कार्बोप्रोस्ट किंवा मिसोप्रोस्टॉल यांची जोड दिली जाते. रक्ताची गुठळी टिकवून धरणारे ट्रानेक्झॅमिक अ‍ॅसिड हे जुने व स्वस्त औषध आहे. २१ देशांतील वीस हजारांहून अधिक बाळंतिणींवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या औषधामुळे रक्तस्रावाने होणारे मृत्यू सुमारे एक-पंचमांशाने कमी झाल्याचे दिसले. लाभ मिळण्यासाठी ते प्रसूतीनंतर तीन तासांच्या आत द्यावे लागते; जितके लवकर, तितके उत्तम.

औषधांनी न भागल्यास शल्यचिकित्सकाचे हात पुढे सरसावतात. प्रथम वार जेथून सुटली त्या जागेवर मॉप दाबून धरला जातो. काही मिनिटे दाबून मग पाहिले असता नेमके कोठून रक्त येते ते दिसते आणि त्या ठिकाणी विरघळणारे टाके घालता येतात. त्यानंतरची पायरी म्हणजे गर्भाशयाच्या दोन्ही कडांनी वर चढणाऱ्या मुख्य रोहिण्या टाक्याने बांधणे. ओ’लिअरी यांनी १९६६ मध्ये या पद्धतीचे वर्णन केले. या रोहिण्या बांधल्या तरी अन्य मार्गांनी गर्भाशयास पुरेसे रक्त मिळत राहते. पुढे पाळी येते आणि गर्भधारणाही होऊ शकते.

गर्भाशय बाहेरून आवळून धरणारे टाके हा आणखी एक उपाय. इंग्लंडमधील डॉ. बी-लिंच यांनी १९९७ मध्ये मांडलेला टाका, झोळण्याचे बंद खांद्यांवरून घ्यावेत तसा गर्भाशयाच्या माथ्यावरून घेतला जातो. तो वरचा भाग शिथिल पडला असता विशेष उपयोगी ठरतो. खालच्या भागातील रक्तस्रावासाठी पुढील व मागील भिंती एकमेकींवर दाबून धरणारे चौकोनी टाके घालतात. ही पद्धत कोरियातील डॉ. चो यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केली.

आतून दाब देण्यासाठी फुग्याचा वापर होतो. बाक्री यांच्या नावाने ओळखला जाणारा फुगा खाली असलेल्या वारेच्या रक्तस्रावातच प्रथम उपयोगात आला. तो महाग पडतो. बांगलादेशातील डॉ. सायेबा अख्तर यांनी ढाक्यात कॅथेटरला निरोध बांधून त्यात सलाइन भरण्याची युक्ती काढली आणि २००३ मध्ये ती प्रसिद्ध केली. अत्यल्प खर्चाची ही पद्धत आज अनेक देशांत वापरली जाते. साधनांची चणचण असलेल्या रुग्णालयांना तिने फार मोठा आधार दिला आहे.

याही पुढे जाऊन ओटीपोटातील मुख्य अंतर्गत रोहिणी बांधण्याचा मार्ग आहे. परंतु तिच्या लगत मूत्रवाहिनी व मोठी नीला असल्याने ते काम अनुभवी हातांचेच. आणि अखेरचा उपाय गर्भाशय काढून टाकण्याचा. इटलीतील पाविया येथे एदुआर्दो पोरो यांनी १८७६ मध्ये सिझेरियननंतर गर्भाशय काढून मातेचा जीव वाचविला, तेव्हा सिझेरियन झालेली माता क्वचितच जगत असे. आज हा निर्णय शेवटचा मानला जातो, पण तो उशिराचा असून चालत नाही. इतर उपायांत फार वेळ गेला, तर रक्त गोठण्याची शक्तीच संपते आणि मग कोणतीही शस्त्रक्रिया निष्फळ ठरू शकते.

रुतलेली वार

पूर्वी सिझेरियन झालेल्या स्त्रीची वार खाली आणि जुन्या व्रणावर असेल, तर ती गर्भाशयाच्या भिंतीत मुळासारखी रुतलेली असण्याचा संभव असतो. यास ‘प्लासेंटा अ‍ॅक्रिटा’ म्हणतात. काही वेळा ती भिंत भेदून मूत्राशयापर्यंत पोहोचते. अशी वार ओढून काढण्याचा प्रयत्न म्हणजे रक्तस्रावास निमंत्रणच. निदान आधी झालेले असल्यास छेद वारेपासून दूर, वरच्या बाजूस घेऊन बाळ काढतात, वारेला हात लावत नाहीत आणि बहुधा वारेसह गर्भाशय काढण्यात येते. निवडक रुग्णांमध्ये गर्भाशय वाचविण्याच्या पद्धतीही मोठ्या केंद्रांत योजल्या जातात.

अमेरिकेत तीस हजारांहून अधिक सिझेरियन शस्त्रक्रियांचा अभ्यास होऊन २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वार खाली असलेल्या स्त्रियांपैकी पहिल्याच सिझेरियनच्या वेळी ३ टक्के, दुसऱ्या वेळी ११ टक्के, तिसऱ्या वेळी ४० टक्के, तर चौथ्या वेळी ६१ टक्के स्त्रियांत ती रुतलेली आढळली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील सिझेरियनचे प्रमाण २०१५-१६ मध्ये २०.१ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये २५.४ टक्के झाले. ही दोन्ही माहिती शेजारी ठेवून वाचली, म्हणजे अनावश्यक पहिले सिझेरियन टाळणे हीच पुढील रक्तस्रावावरील पहिली उपाययोजना का, हे स्पष्ट होते.

तयारी : प्रशासनाचा भाग

वर वर्णिलेल्या कौशल्याला आधार असतो तो पूर्वतयारीचा, आणि ती शस्त्रक्रियेच्या दिवशी उभी करता येत नाही. आमच्यासारख्या अनेक रुग्णालयांत पूर्ण रक्तपेढी नसते, रक्तसाठवण केंद्र असते. तेथील रक्त मूळ रक्तपेढीकडून येते. रक्तपेशींची पिशवी २ ते ६ अंश सेल्सिअस तापमानात, त्यातील द्रावणाच्या प्रकारानुसार ३५ किंवा ४२ दिवस टिकते. प्लेटलेट मात्र पाचच दिवस टिकतात. गोठविलेला प्लाझ्मा वितळविण्यास सुमारे अर्धा तास लागतो आणि रक्ताची पूर्ण जुळवणी करण्यास पाऊण तास. रक्तस्राव सुरू झाल्यावर हे अर्धे आणि पाऊण तास कोठून आणावयाचे? म्हणून वार खाली असल्याचे निदान होताच त्या गर्भवतीचे नाव साठवण केंद्राच्या नोंदवहीत चढते. गट निगेटिव्ह असेल तर दात्यांशी आधीच संपर्क साधला जातो. तारीख ठरल्यावर रक्त जुळवून राखून ठेवले जाते.

गुंतागुंत नसलेल्या प्रीव्हियासाठी ही तारीख साधारणपणे ३६ ते ३८ आठवड्यांच्या दरम्यान असते. वार रुतल्याचा संशय असल्यास ती ३४ ते ३६ आठवड्यांच्या दरम्यान येते. दिवसाउजेडी, सर्व तज्ज्ञ हजर असताना होणारी शस्त्रक्रिया आणि मध्यरात्री धावाधाव करून होणारी शस्त्रक्रिया यांत रुग्णाच्या दृष्टीने फार मोठे अंतर असते. ऑक्सिटोसिन २ ते ८ अंशांत ठेवावे लागते. वीज गेली असता फ्रिजचे काय, हा प्रश्न तांत्रिक कर्मचाऱ्यांचा असला तरी त्याचे उत्तर बाळंतिणीच्या जिवाशी निगडित आहे.

आपली मर्यादा ओळखणे हाही तयारीचाच भाग होय. पूर्वीचे सिझेरियन आणि पुढील भिंतीवर खाली असलेली वार अशी सांगड दिसली, की कलर डॉप्लर तपासणी, रक्तघटकांची पूर्ण रक्तपेढी, मूत्ररोगतज्ज्ञ आणि अतिदक्षता विभाग असलेल्या मोठ्या रुग्णालयात त्या गर्भवतीस वेळीच पाठविणे हे कर्तव्य ठरते. रुग्ण पाठविल्याने संस्थेचा लौकिक कमी होत नाही, अशी आमची धारणा आहे.

राखीव रक्त आणि राखीव पैसा

विश्वस्त मंडळाच्या बैठकीत एक रास्त प्रश्न उपस्थित होत असतो : चार पिशव्या राखून ठेवल्या आणि एकही लागली नाही, तर तो खर्च वाया गेला असे मानावयाचे काय? वाणिज्य शाखेत शिकलेल्यांना ‘तरतूद’ हा शब्द परिचित आहे. बुडीत येण्यासाठी तरतूद करणारा व्यापारी, येणी बुडाली नाहीत म्हणून हळहळत नाही. न लागलेली पिशवी थंड पेटीतून बाहेर काढलेली नसेल, तर मुदतीच्या आत ती दुसऱ्या रुग्णास देता येते. म्हणूनच शस्त्रक्रियागृहात लागेल तेव्हाच आणि एकेकच पिशवी बाहेर काढण्याचा दंडक आहे. बाहेर अर्धा तास राहिलेली पिशवी पुन्हा साठ्यात घेता येत नाही.

धर्मादाय रुग्णालयांसाठी मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेल्या योजनेनुसार दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवावयाच्या असतात व एकूण देयकांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा होते. अशा शस्त्रक्रियेत औषधे, रक्तघटक आणि अतिदक्षता यांचा खर्च झपाट्याने वाढतो. एखादी बाळंतीण दोन दिवसांत हा निधी बराचसा रिता करू शकते. आपली देणगी येथे उपयोगी पडते आणि आपले रक्तदान तर पैशानेही न भरून येणारी उणीव भरून काढते.

वाचकांस विनंती

घरात गर्भवती असेल तर तिचा रक्तगट आणि हिमोग्लोबिन लवकर तपासून घ्यावे. २०१९-२१ च्या पाहणीत देशातील निम्म्याहून अधिक गर्भवतींमध्ये रक्तक्षय आढळला. आधीच रक्त कमी असलेल्या स्त्रीला थोडा रक्तस्रावही झेपत नाही. लोहाच्या गोळ्या नियमित घ्याव्यात. पूर्वीच्या शस्त्रक्रियेची कागदपत्रे जपून ठेवून दर तपासणीस सोबत आणावीत. वार खाली असल्याचे सांगितले असेल तर रुग्णालयापासून दूरचा प्रवास टाळावा, रात्री-अपरात्री वाहन मिळेल याची सोय करून ठेवावी आणि रक्त दिसताच, दुखत असो वा नसो, तत्काळ निघावे. रक्तदाते मित्रांनी वर्षातून एकाच शिबिरात गर्दी करण्याऐवजी अंतराने, वर्षभर रक्त द्यावे. पिशवीची मुदत संपते, गरजेला मात्र मुदत नसते. मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत साठा हमखास खालावतो. त्या दिवसांत येणाऱ्या प्रत्येक दात्याचे आम्ही विशेष स्वागत करू.