पाच आमिषांची छत्री आणि आपली मरळ

छत्री मागवलीस, फोटो पाहिला. मधे शिशाचं डोकं, त्यातून फुटलेल्या पाच तारा, प्रत्येक तारेच्या टोकाला भिंगरी आणि भिंगरीला लोंबणारा रबराचा मासा. वस्तू देखणी आहे यात वाद नाही. किंमत विचारत नाही. तुझ्या आईला कळली तर तुझ्याबरोबर मलाही ऐकून घ्यावं लागेल. पण अजिंठा-अंधारीच्या धरणावर ती भिरकावण्याआधी काकाचं थोडं ऐक. यातलं काही तुझ्या आजोबांचं आहे, काही धरणावर थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळी लावणाऱ्या भोई मंडळींचं. माझं त्यात फार थोडं.

ही छत्री कुठल्या पाण्यासाठी जन्मली ते आधी समजून घे. अमेरिकेत अलाबामा राज्यात मसल शोल्स म्हणून गाव आहे, तिथल्या अँडी पॉस नावाच्या गृहस्थाने ती गोड्या पाण्यातल्या बास माशासाठी घडवली. समुद्रात बोटीमागे ओढायच्या अशा छत्र्या त्याआधीही होत्या. 2011 च्या ऑक्टोबरमध्ये गंटर्सव्हिल तलावावरच्या स्पर्धेत पॉल इलायस याने हीच वापरून चार दिवसांत 102 पौंडांच्या वर, म्हणजे साधारण 46 किलो बास तोलून दाखवला. मग दुकानांत तिच्यावर उड्या पडल्या. तिथल्या एका मोठ्या स्पर्धासंस्थेने आपल्या वरच्या फळीच्या सामन्यांत तिच्यावर लगेच बंदीही घातली. टेनेसीसारख्या राज्यात तर छत्रीवर तीनच गळ लावायची मुभा आहे. बाकीच्या तारांवर बिनगळाची आमिषं. हे लक्षात ठेव, पुढे कामाला येईल.

तिची करामत काय, तर ती एका माशाचं नाही, घोळक्याचं सोंग आणते. थंडीत बारक्या माशांचे थवे मोकळ्या, खोल पाण्यात फिरतात आणि बास त्यांच्या मागे असतो. पाच रबरी मासे एका वेगाने पुढे सरकले की त्याला थवाच दिसतो.

आता आपल्याकडे ये. तो बास आपल्या धरणात नाही. इंग्रजीत सी बास म्हणतात तो आपला जिताडा, पण तो रायगडच्या खाडीतला. अजिंठ्याच्या पठारावर त्याचं काय काम? इथे शिकारी म्हणशील तर मरळ, नाहीतर तळाशी फिरणारे शिंगाळा आणि पडीन. शिंगाळा आणि पडीन रात्रीचे गडी, मिशांनी तळ चाचपत फिरणारे. म्हणून दिवसा छत्री घेऊन निघालेल्या माणसाच्या डोक्यात मरळच असते. आणि नेमकी मरळ थव्यामागे धावत नाही.

ती कशी असते ते काठावर बसून बघ, रॉड घरी ठेवून. पाणकणसाच्या किंवा बेशरमाच्या झुडपाखाली, जिथे फांद्या पाण्यात उतरल्यात, तिथे ती लाकडाच्या ओंडक्यासारखी निश्चल असते. मधूनच पाण्यावर ‘बुळुक’ असा आवाज होतो आणि एक गोल वलय उठतं. मरळीला कल्ल्यांवर भागत नाही, वरची हवा घ्यावीच लागते. पाण्याखाली कोंडली तर ती गुदमरून मरते. त्या वलयाची जागा मनात धर. पुढचं वलय त्याच्या आसपासच उठेल, कारण ती जागा सोडून फार लांब जात नाही. तुझे आजोबा वलयावर कधीच गळ टाकायचे नाहीत. वलयाच्या पलीकडे हातभर टाकायचा आणि बेडूक पोहत यावा तसा तिच्या तोंडावरून आणायचा, असा त्यांचा रिवाज.

या जागेत तुझी पाच तारांची छत्री टाकून बघ काय होतं! बेशरमाची फांदी एका गळाला सोडेल, तर दुसरा धरेल. दुसरा सोडवायला ओढशील, तर उरलेले तीन अडकतील. पाण्यात उभं राहून ते सोडवायला जाऊ नकोस. ओसरत्या धरणाचा काठ म्हणजे काळ्या मातीचा गाळ. वरून सुकलेला, भेगाळलेला दिसतो आणि पाय टाकला की गुडघ्यापर्यंत गिळतो. घाबरून दुसरा पाय टाकला की तोही गेला. अडकलेली छत्री सोडून द्यायची, दोरा कापायचा, घरी यायचं. नाकापेक्षा मोती जड करू नये.

म्हणून सांगतो, छत्री वापरायचीच तर तिची जागा वेगळी आणि ती जागा शोधायचा महिना मे. धरण आटलेलं असतं तेव्हा रॉड न घेता, टोपी घालून, पाण्याची बाटली घेऊन कोरड्या पोटात एक फेरी मार, पण पाण्याच्या कडेच्या ओलसर पट्ट्यापासून लांबूनच. बुडालेल्या शेतांचे बांध दिसतील, गाडीवाट दिसेल, तोडून राहिलेली बाभळीची खोडं दिसतील, एखादी जुनी विहीर दिसेल. सगळ्याचे मोबाईलवर फोटो काढ आणि काठावरची खूण धर: कुठलं कडुलिंबाचं झाड, कुठला विजेचा खांब, कुठली टेकडीची सोंड. ऑक्टोबरात धरण भरून पाणी निवळलं की त्याच खुणांवरून तुला कळेल, खोडं कुठे आहेत आणि स्वच्छ तळाची पट्टी कुठे. छत्री फक्त त्या पट्टीवर चालवायची. विहीर कुठे आहे ते मात्र आणखी एका कारणासाठी ठाऊक हवं. चार फूट पाण्यात चालता चालता माणूस चाळीस फूट खोल जातो तो अशा विहिरीतच.

धरणात टाकण्याआधी छत्री चालते कशी ते बघायला हवं आणि त्यासाठी शेततळ्यासारखी जागा नाही. पाणी नितळ, खालचा कागद काळा, रबरी मासे स्वच्छ दिसतात. पण तिथे पाचही आमिषं बिनगळाची लाव. शेततळ्याचा कागद एका गळाने फाटला की मालकाचं वर्षभराचं पाणी जमिनीत जिरतं. मग तू पुतण्या कुणाचा हे तो विचारणार नाही. मालकाला विचारून जा, एकटा जाऊ नकोस आणि उतारावर पाय ठेवू नकोस. ओल्या कागदावरून घसरलेला माणूस पोहता येत असूनही वर चढू शकत नाही. काठावर खुंटीला दोर बांधून तो पाण्यात सोडलेला असला पाहिजे. नसेल तर आधी दोर बांध, मग रॉड काढ.

तिथे काय बघायचं? पाचही तारा सारख्या उघड्या हव्यात. एक तार आत, दुसरी बाहेर असेल तर सगळी छत्री गोल गोल फिरते आणि दोऱ्याला पीळ चढतो. सरळ पोहत असेल तर रीळ हळू कर, आणखी हळू कर आणि मासे शेपटी हलवायचं कुठे थांबवतात ते पाहा. त्याच्या किंचित वरचा वेग तुझा. मधल्या तारेचं आमिष बाकीच्यांपेक्षा थोडं मोठं किंवा वेगळ्या रंगाचं ठेव, कारण शिकारी थव्यातला वेगळा दिसणारा, मागे पडलेला मासा उचलतो. पाच सारख्या माशांत त्याचा गोंधळ होतो. चार सारखे आणि एक निराळा असला की तो ठरवून येतो. शेळ्यांच्या कळपात लंगडी शेळी लांडग्याला लगेच दिसते, तसंच.

गळ किती? माझं मत विचारशील तर एक, आणि तो त्या मधल्या निराळ्या आमिषाला. फार हौस असेल तर दोन. बाकी तारांवर गळ काढून नुसते रबरी मासे किंवा चमकत्या चकत्या लाव. घोळक्याचं सोंग तेवढ्यानेही वठतं. उरलेल्या तीन-चार गळांचा फायदा माशाला नाही, तुला तर मुळीच नाही. मासा एका गळाला लागून उसळ्या मारत असताना मोकळे गळ हवेत फिरत असतात आणि ते तुझ्या हाताच्या पातळीला असतात. मरळ तर अंगाने बुळबुळीत, ताकदीने दांडगी. तार धरून तिला कधीही उचलू नकोस. जाळीच्या झोळीत घे, नाहीतर ओलं फडकं टाकून मानेमागे धर आणि गळ पकडीने काढ. गळाचा उलटा काटा घरूनच पकडीने दाबून बसवून ने. दोऱ्याचा ताण सुटला नाही तर मासा सुटत नाही आणि गळ तुझ्या अंगठ्यात गेलाच तर तो आला तसा बाहेर निघतो.

फेकायची रीतही वेगळी. पाच रबरी मासे, शिसं, तारा मिळून सत्तर-ऐंशी ग्रॅमच्या वर वजन सहज जातं. तुझा सहा फुटी हलका रॉड मनगटाच्या झटक्यात मोडेल. जाड दांड्याचा लांब रॉड घे, मजबूत विणीचा दोरा घे. तंगूस इथे नको. ताणला जातो आणि गाठीशी तुटतो. दोन्ही हातांनी, खांद्यावरून सावकाश लोटल्यासारखं फेक. फेकण्याआधी मागे वळून बघायचं, दर वेळी. मागे गुराखी पोरगं असतं, शेळ्या असतात, धुणं धुणाऱ्या बाया असतात. त्यांच्या घाटावर तर रॉड उघडूच नकोस, लांब जा. तारा वाकून वाकून मुळाशी थकतात, म्हणून घरी आल्यावर प्रत्येक तारेच्या मुळावर नख फिरवून बघ. खरबरीत लागली तर ती तार बाद.

आता सगळ्यात मोठी गोष्ट, आणि ही तुझ्या आवडीची नाही. धरण सरकारी असलं तरी त्यातले मासे रस्त्यावर पडलेले नसतात. मत्स्यव्यवसाय खातं तलाव ठेक्याने देतं, बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेला, आणि ठेका घेणारे रोहू, कटला, मृगळाची बोटुकली स्वतःचे पैसे घालून सोडतात. त्यांची जाळी पाण्यात कुठे आहेत हे तुला काठावरून दिसत नाही. पाच गळांची छत्री एकदा जाळ्यात गेली की जाळंही गेलं आणि छत्रीही गेली. म्हणून आधी संस्थेच्या माणसाला गाठ, राम राम घाल, जाळी कुठल्या बाजूला आहेत ते विचार आणि परवानगी माग. त्यांनी शुल्क सांगितलं तर दे. मरळ बोटुकली खाते, म्हणून मरळीचा गळ म्हटल्यावर माणसं जरा मऊ होतात; पण मरळीला बाजारात भाव रोहू-कटल्यापेक्षा चढा, म्हणून मिळालेली मरळ कुणाची हे पाण्यात दोरा टाकण्याआधी ठरलेलं बरं. नाही म्हणाले तर ‘बरं’ म्हणायचं आणि त्यांच्याबरोबर चहा घेऊन परत यायचं. पुढच्या वेळी तेच बोलावतात.

काही जागा मुळातच सोडायच्या. घाट उतरून लेण्यांकडे गेलास तर वाघूर नदी आणि तिची सात कुंडं मोहात पाडतील. तिथे गळ बाहेर काढायचा नाही. ती जपलेली जागा आहे आणि तिथलं पाणी बघायला जग येतं. जायचंच तर सतरा नंबरच्या लेण्यात जा. तिथे चितारलेल्या जातकांत मच्छ जातकही आहे, तेवढे मासे तिथे पुरे. पैठणला नाथसागर मोठा आहे, मोकळं पाणी आहे, छत्रीला तेच शोभेल असं तुझ्या मनात आलं असेलच. पण 1986 पासून ते पक्षी अभयारण्य आहे. हिवाळ्यात, म्हणजे नेमकं छत्रीच्या हंगामात, तिथे पाखरं उतरलेली असतात. काठावर तुटून राहिलेला दोरा त्यांच्या पायात गुंततो. वनखात्याला विचारल्याशिवाय तिकडे फिरकू नकोस.

पावसाळ्यात आणखी एक दृश्य दिसेल. काठाजवळ पाण्यावर तांबूस रंगाचा एक गोळा सरकताना दिसतो, जणू पाणी तिथेच उकळतंय. तो मरळीच्या पिल्लांचा थवा, आणि त्याच्या खाली आई-बाप दोघं राखण करत असतात. त्या वेळी तिथे काहीही टाक, ते झडप घालणारच; भूक म्हणून नाही, राखण म्हणून. पोरं हे ओळखून नेमका तिथेच गळ टाकतात आणि मोठी मरळ उचलून मिरवतात. मग राखणदार गेल्यावर उरलेली पिल्लं बाकीचे मासे आणि बगळे संपवतात. तांबडा गोळा दिसला की रॉड गुंडाळायचा, हा नियम तुझ्या आजोबांच्या वेळचा आहे आणि तो तुझ्यासाठीही आहे. उन्हाळ्यात डबक्यात कोंडलेल्या मरळीवर छत्री फिरवणंही मला पटत नाही. पुढच्या पावसाचं बियाणं तेच असतं.

मग मरळीसाठी काय वापरायचं? रबरी बेडूक. एकच, पोकळ पोटाचा, गळ पाठीला चिकटलेला. तो शेवाळावरून, बेशरमाच्या मुळांवरून न अडकता सरकतो आणि मरळीला तोच कळतो. मार्च-एप्रिलची सकाळ, ऊन चढायच्या आधी. मरळीने धरल्याबरोबर हिसका देऊ नकोस; आधी तोंडात नीट घेऊ दे, दोरा सरकायला लागला की मग ओढ.

छत्री टाकून देऊ नकोस. नोव्हेंबर ते जानेवारी, परवानगी घेतलेल्या धरणात, मे महिन्यात पाहून ठेवलेल्या स्वच्छ पट्टीवर, एका गळाने चालवून बघ. काही लागलं तर मला फोन कर, नाही लागलं तरी कर. पण मरळीच्या बाबतीत माझा निकाल झालेला आहे: तुझ्या छत्रीच्या पैशात चार बेडूक आले असते.