तीन वेंडर, तीन सीव्ही

प्रश्न : १२० अंश सेल्सिअस गरम पाण्याच्या लाइनवर कंट्रोल व्हॉल्व्ह हवा आहे. प्रवाह ताशी ६० घनमीटर, आधीचा दाब ६ बार, नंतरचा २.५ बार. एकच डेटाशीट तीन वेंडरना पाठवली, तर उत्तरं आली ३२, ३७ आणि ५५! सगळे हिशेब सॉफ्टवेअरमधून काढलेले. मग चुकलं कोण? 
– एक वाचक, रोहा

उत्तर : कदाचित कोणीच नाही.

३२ आणि ३७ यांचा निकाल आधी लावू. पहिल्या कागदावर आकड्याशेजारी बारीक अक्षरात ‘केव्ही’ लिहिलंय का पाहा. १ बार दाब खर्ची पडताना ताशी किती घनमीटर पाणी जातं, तो केव्ही. १ पीएसआयला मिनिटाला किती अमेरिकन गॅलन, तो सीव्ही. केव्हीला १.१५६ ने गुणलं की सीव्ही मिळतो. ३२ चे ३७ होतात. म्हणजे व्हॉल्व्ह एकच.

५५ वाल्याने मात्र बहुधा ग्लोबऐवजी बॉल व्हॉल्व्ह धरलाय. व्हॉल्व्हच्या अरुंद जागेतून जाताना पाण्याचा वेग वाढतो आणि दाब क्षणभर बाहेरच्या २.५ बारच्याही खाली जातो. १२० अंशांचं पाणी साधारण २ बारला उकळतं. तिथे बुडबुडे झाले की प्रवाह तुंबतो. पुढचा दाब आणखी उतरवला तरी थेंबही जास्त जात नाही. बॉलमध्ये ही बुडी फार खोल असते. ती ‘एफएल’ या आकड्यात दिसते : ग्लोबचा साधारण ०.९, बॉलचा ०.६. त्याचा वर्ग करून सूत्रात घाला. तुमच्या ३.५ बारपैकी ग्लोबला ३.३६ बार कामी येतात, बॉलला जेमतेम १.५. म्हणून त्याला सीव्ही जास्त लागतो. कॅल्क्युलेटर घेऊन बसलात तर हे दहा मिनिटांचं काम आहे, आणि ते स्वतः केल्याशिवाय कोणत्याही छापील कागदावर सही करू नये.

इथे एक खोच आहे. हे ६ बार अॅब्सोल्यूट की गेज? वेंडरने गेज समजून दोन्ही दाबांत वातावरणाचा १ बार मिळवला, तर फरक ३.५ च राहतो, पण ग्लोबची मर्यादा ४.२ वर जाते आणि तुंबणं कागदावरून गायब होतं. दाब मुळात अॅब्सोल्यूट असतील, तर लाइनवर ते होतंच. नंतरचा दाब २ च्या वर असल्यामुळे बुडबुडे पुढे फुटतात, पाइपात खडी वाहत असल्यासारखा आवाज येतो आणि प्लग कुरतडला जातो. तेव्हा ग्लोब घेतलात तरी अँटी-कॅव्हिटेशन ट्रिमबद्दल विचारा.

पण खरं सांगायचं तर वेंडरचं गणित क्वचितच चुकतं. चुकतो आपण दिलेला दाब. किमान, नेहमीच्या आणि कमाल अशा तिन्ही प्रवाहांना एकच ३.५ बार लिहिलेली डेटाशीट दिसली की ती कोणीतरी कंटाळून भरली आहे असं खुशाल समजा. प्रवाह वाढला की पंपाचा दाब उतरतो, पाइपातलं घर्षण वाढतं आणि व्हॉल्व्हच्या वाट्याला उरतं ते सर्वांत कमी. किमान प्रवाहाला नेमकं उलट.

त्यातच प्रोसेसवाला पदरचे दहा-वीस टक्के घालतो, पाइपिंगवाला आणखी थोडे, आणि वेंडर वरची साइज देऊन मोकळा होतो. मग मोठा व्हॉल्व्ह आयुष्यभर सीटला चिकटून दहा टक्के उघडा राहतो, प्रवाह डोलतो आणि सीट झिजते. नेहमीच्या प्रवाहाला साधारण ६०–७० टक्के उघडा आणि कमाल प्रवाहालाही ९० च्या आत असेल तर साइज बरी. तिन्ही प्रवाहांना व्हॉल्व्ह किती उघडेल आणि त्या-त्या उघडीला एफएल किती धरला, हे तिघांकडून लेखी मागवा. ऑर्डर त्यानंतर.