न्यूट्रल कुठून आलाय ते आधी दाखवा

आम्ही बेस वाजवणारे एकत्र जमलो की गप्पा ठरलेल्या असतात. कुणीतरी अ‍ॅम्पेगच्या एस.व्ही.टी.चं नाव काढतो : १९६९ सालचं डिझाइन, ३०० वॅट, पोटात १४ व्हॉल्व्ह, आणि नुसतं हेड उचलायचं तर ३८ किलोंच्या आसपास वजन. दुसरा लगेच बी-१५वर येतो, कारण जेम्स जेमरसन तो वापरायचा. फेंडरचा बेसमन १९५२ साली खास बेससाठी निघाला आणि पुढे गिटारवाल्यांनीच तो पळवला, मार्शलचा पहिला अ‍ॅम्पसुद्धा त्याच्याच सर्किटवरून उतरवलेला, ही तक्रारही दर बैठकीत होते. मग पंचमच्या गाण्यांतला टोनी वाझ यांचा बेस, मग कॅबिनेट दहा इंची बरं की पंधरा इंची. रात्र सरते. मला या गप्पा मनापासून आवडतात. पण एवढ्या गप्पांमध्ये अ‍ॅम्पची पिन ज्या बोर्डात जाते, त्या बोर्डाबद्दल चकार शब्द निघत नाही. माझा अ‍ॅम्प त्या बोर्डाने जाळला. म्हणून लिहितोय.

आधी एक सांगून टाकतो, कारण नंतर मला ते बऱ्याच जणांनी ऐकवलं : ‘कशाला स्वतःचा अ‍ॅम्प नेता? डी.आय. बॉक्स लावायचा, थेट मिक्सरला द्यायचं, विषय संपला.’ असं म्हणणाऱ्यांनी एकदा पाच तारांचा बेस घेऊन मंडपात उभं राहावं. बेसची ई तार ४१ हर्ट्झवर वाजते, खालची बी तार ३१ हर्ट्झवर. गिटारची सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्झची. पायाशी ठेवलेल्या मॉनिटरमधून ४१ हर्ट्झ येतच नाही, येतो तो त्याचा वरचा खरखरीत भाग. त्यात शेजारी तबल्याचा डग्गा घुमत असतो, लावणी असेल तर ढोलकी असते, की-बोर्डवाल्याचा डावा हातही तिथेच फिरत असतो. पाठीमागे स्वतःचं कॅबिनेट असलं की सूर पाठीला कळतो, डग्ग्याला जागा देता येते, २५० हर्ट्झच्या आसपासचा गिचका थोडा कापता येतो. अ‍ॅम्प हा बेसवाल्याच्या वाद्याचा अर्धा भाग आहे. तो घरी ठेवून जा म्हणणं मला मान्य नाही.

तर गणपतीतली सुपारी, कोल्हापूरकडची. मराठी-हिंदी गाण्यांचा कार्यक्रम, मोठं मैदान, जनरेटरवर सगळं. माझं हेड हलकं, आजकाल मिळतं तसं क्लास-डीचं, खांद्याच्या पिशवीत मावणारं. मागे लिहिलेलं : १०० ते २४० व्होल्ट. संध्याकाळी साउंडचेकच्या आधी मी लाइटच्या ठेकेदाराला सांगितलं की स्टेजच्या बोर्डावर मीटर लावून दाखवा. शब्द नीट आठवतात, कारण शेजारी आमचा ढोलकीवाला उभा होता आणि तो आजही साक्ष देईल. ठेकेदाराने मला जनरेटरपाशी नेलं, पॅनेलवरच्या काट्याकडे बोट केलं आणि म्हणाला, “बघा की दादा, दोनशे तीस दाखवतंय. आणि काय पायजे?” मी म्हटलं, इथलं नको, बोर्डावरचं दाखवा. तर म्हणाला, “एवढी वर्षं झाली, आपल्या लाइनीवर कुणाचं काय जळलं न्हाई.” आणि निघून गेला. मंडळाचे अध्यक्ष तिथेच होते. त्यांनी मला हार घातला.

दुसरं की तिसरं गाणं. लाइटवाल्या पोराने कडव्याच्या आधी सगळे पार कॅन एकदम वर घेतले. दिवे वर घेतले की मंडप उजळायला हवा. इथे दिवे लाल पडले, विझत्या निखाऱ्यासारखे. आणि त्याच क्षणी माझ्या हेडमधल्या पंख्याचा आवाज चढला. तो पंखा एरवी ऐकूही येत नाही. दिवे बसतायत आणि पंखा चढतोय, या दोन गोष्टी एकदम का व्हाव्यात हे माझ्या डोक्यात लख्ख उतरलं, मी बटणाकडे हात नेला, आणि आत ‘टप्’ असा आवाज आला. मग वास. ज्यांनी कपॅसिटर फुटलेला हुंगलाय त्यांना तो वर्णन करून सांगायला नको. की-बोर्डवाल्याचा अ‍ॅडॅप्टरही त्याच वेळी गेला. साउंडवाल्यांच्या मिक्सरला काही झालं नाही, कारण त्यांची लाइन वेगळी आणि सर्व्हो स्टॅबिलायझरमधून घेतलेली. आम्हा वादकांचा बोर्ड मात्र थेट. हा भेद मला अजून पचलेला नाही.

दिवे का बसले आणि पंखा का चढला, ते सांगतो. जनरेटरमधून तीन फेज निघतात. प्रत्येक फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये २३० व्होल्ट, पण दोन फेजमध्ये मोजलं तर ४०० किंवा त्याच्याही वर. दिवे एका फेजवर, स्टेज दुसऱ्या, मंडपाचे पंखे-फोकस तिसऱ्या. तिघांचा परतीचा रस्ता एकच : न्यूट्रल. ती तार मध्येच तुटली की फेजवरची उपकरणं एकमेकांमधूनच वाट काढतात आणि ते ४०० व्होल्ट आपापसांत वाटून घेतात. ज्या फेजवर भार जास्त तिथे व्होल्टेज पडतं, जिथे भार कमी तिथे चढतं. लाइटवाल्याचे हजार-हजार वॅटचे दिवे एकीकडे, आणि माझा अ‍ॅम्प, की-बोर्ड, दोन पेडल दुसरीकडे. कुणाच्या वाट्याला काय येणार हे उघड आहे.

गाणं मी डी.आय. बॉक्सवरून पुढे रेटलं, प्रेक्षकांना कळलंही नाही. मध्यंतरात लाइटवाल्यांचा एक इलेक्ट्रिशियन मुलगा स्वतःहून मीटर घेऊन आला. आमच्या बोर्डावर ३४८. लाइटच्या बोर्डावर १२०. तो मला स्टेजमागच्या लोखंडी बॉक्सपाशी घेऊन गेला. चार किटकॅट, म्हणजे चिनी मातीचे फ्यूज, ओळीने. तीन फेजचे तीन, आणि चौथा न्यूट्रलवर. न्यूट्रलच्या त्या किटकॅटमधली बारीक तार वितळून गेलेली, चिनी मातीवर काळा डाग. तीन फेजच्या लाइनीत न्यूट्रलवर फ्यूज घालायचा नसतो, हे पहिल्या वर्षाच्या आय.टी.आय.च्या मुलालाही शिकवतात. मी मोबाइलवर फोटो काढला. एवढ्यात ठेकेदार आला, फोटो काढतोय हे पाहिलं, आणि पोराला म्हणाला, “जाडी तार घाल रं.” माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

कार्यक्रम संपल्यावर मी विषय काढला. पहिलं उत्तर : फॉरेनचं नाजूक असतंय. दुसरं : तुम्ही बेस लई चढवला असणार, स्पीकर शॉर्ट झाला असेल. तिसरं, आणि हे सगळ्यात जिव्हारी लागलं : बाकी कुणाची तक्रार न्हाई, तुमचीच कशी? की-बोर्डवाला शेजारी जळका अ‍ॅडॅप्टर हातात धरून उभा होता. अध्यक्ष म्हणाले, “आता कार्यक्रम तर झाला ना चांगला? बघू, काहीतरी करू.” ते ‘काहीतरी’ अजून व्हायचंय. ठेकेदाराने अर्धा खर्च देतो म्हणून फोनवर कबूल केलं, पुढे माझा नंबर दिसला की फोन कट.

पुण्यात अ‍ॅम्प उघडला तेव्हा मी समोर बसून होतो. दुरुस्ती करणाऱ्या काकांनी झाकण काढलं आणि काही न बोलता माझ्याकडे वळवलं. मेनच्या तोंडाशी जी निळी टिकली असते, व्हॅरिस्टर म्हणतात तिला, ती फुटून तिची राख झालेली. काचेचा फ्यूज आतून काळाकुट्ट. मोठे कपॅसिटर वरून फुगलेले, एकाचं टोपण उघडलेलं. आणि पुढचा सगळा भाग, जिथून स्पीकरला आवाज जातो तो, शाबूत. स्पीकर शॉर्ट होऊन अ‍ॅम्प गेला असता तर तो भाग आधी गेला असता. जळालं ते वीज आत येते त्या दाराशी. काकांनी हे बिलावर लिहून दिलं : ‘इनपुट ओव्हर-व्होल्टेज’. तो कागद मी ठेकेदाराला, अध्यक्षांना, सगळ्यांना पाठवला. निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही.

‘१०० ते २४० लिहिलंय म्हणजे कुठेही चालतं’ हे वाक्य मी आमच्यातल्याच चांगल्या वाजवणाऱ्यांकडून ऐकलंय, म्हणून त्याचा हिशेब देतो. २३० व्होल्ट हे सरासरीच्या हिशेबाने. लाट शिखरावर ३२५ला जाते. आतले कपॅसिटर साधारण ४०० ते ४५० व्होल्टचे असतात, म्हणजे सवड थोडी असते. बोर्डावर ३५० आले की शिखर ४९५. सवड संपली. १०० ते २४० हा आकडा जपानपासून इंग्लंडपर्यंतच्या नीट विजेसाठी आहे, तुटलेल्या न्यूट्रलसाठी नाही.

आता ज्यांना मंडपात, जत्रेत, लग्नाच्या लॉनवर वाजवायचंय त्यांनी एवढं करा. पिनेत खोचायचं आकडेवालं छोटं व्होल्टमीटर मिळतं, ते अ‍ॅम्पच्या पिशवीत कायम ठेवा. पण नुसतं मोजून भागत नाही, आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं : दिवे बंद असताना मोजाल तर तुटका न्यूट्रलही कधीकधी निर्दोष दिसतो. लाइटवाल्याला सगळे दिवे पूर्ण वर घ्यायला लावा आणि तेव्हा आकडा बघा. दिवे चढताना तुमच्या बोर्डावरचा आकडाही चढला, तर पिन काढा आणि वाद्य पिशवीत घाला. दुसरं, साधं मीटर असेल तर न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात मोजा. दोन-तीन व्होल्ट ठीक, पंधरा-वीस दिसले तर थांबा. अर्थ जमिनीत गेलेलीच नसेल तर या आकड्याला अर्थ नाही, म्हणून सळई कुठे ठोकलीय तेही विचारा. बॉक्स स्वतः उघडू नका, त्यांच्या माणसाला उघडायला लावा आणि न्यूट्रलवर किटकॅट आहे का ते डोळ्यांनी बघा.

स्पाइक गार्डवर विसंबू नका. त्यात तीच निळी टिकली असते. क्षणभराचा झटका ती गिळते, सलग ३५० व्होल्ट आले की तीच जळते. घ्यायचं तर ठरावीक आकड्याच्या वर लाइन तोडणारं यंत्र घ्या आणि २६०ला लावा. सर्व्हो असेल तर साउंडवाल्यांना सांगून बॅकलाइनची, म्हणजे स्टेजवरच्या वादकांच्या अ‍ॅम्पची, लाइन त्यातूनच मागा. मिळते, फक्त मागावी लागते.

घुंई आवाज येतो म्हणून पिनेचा अर्थचा दांडा कापणारे अजून भेटतात. त्यांना माझी हात जोडून विनंती आहे, करू नका. १९७२ साली वेल्समधल्या स्वान्सीत ‘स्टोन द क्रोज’चा गिटारवादक लेस हार्वे अर्थिंग नीट नसलेल्या माइकला हात लागून स्टेजवरच गेला. घुंई घालवायला डी.आय. बॉक्सवर ग्राउंड लिफ्टचं बटण असतं, ते दाबा.

व्हॉल्व्हचं हेड असेल तर कॅबिनेट जोडल्याशिवाय चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो. आठ ओहमचे दोन कॅब जोडले की चार ओहम होतात, चारचे दोन जोडले की दोन. हेड किती सोसतं ते मागे लिहिलेलं असतं. कॅबला गिटारची केबल लावू नका. वॅटच्या मागे धावू नका, दुप्पट वॅटने फक्त ३ डेसिबल वाढतात. हे सगळं तुम्हाला कुणीही सांगेल. बिल जपून ठेवा, विमा मिळत असेल तर काढा.

नुकसान झालंच तर आधी फोटो, मग भांडण. बॉक्सचा, जळक्या तारेचा, मीटरच्या आकड्याचा फोटो, कुणी हात लावायच्या आत. मी किटकॅटचा काढला. मीटरवरच्या ३४८चा काढायला त्या मुलाने हात जोडून नको म्हटलं, त्याची नोकरी जाईल म्हणून. त्याच्याबद्दल माझ्या मनात कसलाच राग नाही. तो तिथे एकटा खरं बोलला.

आणि सुपारी घेतानाच कागदावर एक ओळ घाला : स्टेजवरच्या वीजपुरवठ्यामुळे वाद्य किंवा अ‍ॅम्प खराब झाल्यास दुरुस्तीचा खर्च आयोजकांकडे. ठेकेदार तुमचा नसतो, त्यांचा असतो. त्याच्याशी त्यांनीच बोलावं. मी ही ओळ घालायला लागलो तेव्हा काही जण हसले. एका आयोजकांनी मात्र ती वाचून लाइटवाल्याला आदल्या दिवशीच मैदानात बोलावलं आणि बॉक्समधले सगळे स्क्रू आवळून घेतले. दुसऱ्या एकांनी ती ओळ खोडा म्हणून सांगितलं. ती सुपारी मी घेतली नाही.