फौजीचं ताट वेगळं कशाला?

महार रेजिमेंट १९४१ साली बेळगावला उभी राहिली. तेव्हापासून आपल्या घरांतली मुलं फौजेत जात आली आहेत. नशिराबाद-भुसावळ पट्ट्यातही सुटीवर आलेला फौजी हा वस्तीचा अभिमान असतो. त्याच फौजीला एचआयव्ही झाल्याची कुजबुज झाली, की दोन दिवसांत त्याचं ताट वेगळं होतं. वेगळं ताट, वेगळा पेला म्हणजे काय, हे आपल्या लोकांना तरी समजावून सांगायला लागू नये.

फौजी महिनोन्‌महिने घराबाहेर असतो, म्हणून गाव आधीच निकाल देऊन मोकळं होतं, 'बाहेर काहीतरी केलं असणार.' या भीतीने तो तपासणी टाळतो, सुटीत गोळ्या लपवतो, बायकोलाही सांगत नाही. गोळ्या चुकल्या की विषाणू वाढतो आणि बायकोलाही धोका होतो.

ही भीती भाषणाने जात नाही. भाषणाला आपण मान डोलावतो आणि घरी जाऊन तेच करतो. पूर्वी कवटीची चित्रं असलेली भित्तिपत्रकं लावायचे, त्यामुळे तर लोक रोगापेक्षा रोग्यालाच भिऊ लागले. सिनेमात मात्र आपण दोन तास एका माणसाच्या बाजूने बसतो. नामिबियाच्या सैन्यात त्यासाठीच 'रिमेंबर एलिफस' हे चित्रपट दाखवले गेले. आपल्याला इतकं लांब जायची गरज नाही.

१९८९ साली गोव्यात डॉमिनिक डिसोझा या तरुणाला पोलिसांनी उचललं. त्याचा गुन्हा एवढाच, की त्याने रक्तदान केलं होतं आणि त्या रक्तात एचआयव्ही सापडला. म्हापशाच्या वापरात नसलेल्या क्षयरोग रुग्णालयात त्याला ६४ दिवस एकटं कोंडून ठेवलं. त्याची आई मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात गेली. सुटल्यावर तो गप्प बसला नाही. १९९२ मध्ये जाण्याआधी त्याने 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था सुरू केली. त्याच्या आयुष्यावरून २००५ साली ओनीर यांनी 'माय ब्रदर निखिल' हा हिंदी चित्रपट काढला.

विहारात हा चित्रपट लावा, पण लावून निघून जाऊ नका. निखिल पोहण्याच्या तलावात उतरतो आणि बाकीचे सगळे भराभर बाहेर पडतात, तिथे थांबवा. विचारा, 'तुम्ही बाहेर आला असता का?' लोकांना खरं बोलू द्या, कोणी 'हो' म्हटलं तर ओरडू नका. मग सांगा, की पाण्यातून, घामातून, डासातून, एका ताटात जेवल्याने, एकाच बराकीत झोपल्याने एचआयव्ही लागत नाही. तो असुरक्षित संबंधातून, दूषित रक्त व सुईतून आणि आईकडून बाळाला लागतो. निखिलचं प्रेम एका पुरुषावर आहे. तो भाग वगळायचा मोह होईल. वगळू नका, तेही लपवावं लागणारी मुलं आपल्याही वस्तीत आहेत.

शेवटी निखिल मरतो. इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, नाहीतर सिनेमा उलटा पडेल. ती कथा औषधं हाती येण्यापूर्वीच्या काळातली आहे. सरकारी केंद्रांत एआरटी औषधं २००४ पासून फुकट मिळू लागली. आता बहुतेकांना रोज एकच गोळी पुरते. गोळ्या नियमित घेऊन रक्तातला विषाणू तपासणीत सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, की संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. बायकांसमोर हे वाक्य दोनदा सांगा.

नोकरीची धास्ती असलेल्यांसाठी 'फिर मिलेंगे' (२००४) पाहा. त्यात कामावरून काढलेली बाई कोर्टात लढते. आपल्याकडे २०१७ चा एचआयव्ही कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमतीशिवाय तपासणी करणं, परवानगीशिवाय कोणाचा आजार उघड करणं आणि नोकरीत भेदभाव करणं यांना त्यात मनाई आहे. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने हवाई दलाच्या एका माजी जवानाला सुमारे दीड कोटी रुपये भरपाई दिली. २००२ साली लष्करी रुग्णालयात चढवलेल्या रक्तातून त्याला लागण झाली होती.

हा निकाल सांगताना जपा. 'याला रक्तातून झालं, म्हणून हा बिचारा' असं म्हटलं, की संबंधातून लागण झालेला आपोआप गुन्हेगार ठरतो. महेश मांजरेकरांच्या 'निदान'मधल्या मुलीलाही रक्तातूनच लागण होते. चित्रपट चांगला आहे, पण पाहणाऱ्यांची दया तेवढ्यावर थांबते असं मला वाटतं. नर्स इंजेक्शन देताना लागण कशी झाली हे विचारून औषध कमी-जास्त करत नाही.

चर्चेत कोणालाही 'तुला आहे का' असं विचारायचं नाही, कोणाकडे पाहायचंही नाही. निवृत्त फौजी बोलायला तयार असतील तर त्यांना पुढे बसवा, जवान त्यांचंच ऐकतात. पडदा काढण्याआधी फळ्यावर १०९७ हा फुकट मदत क्रमांक लिहा. तपासणी आणि औषध जळगावच्या शासकीय रुग्णालयात मिळतं, हेही लिहा. फळा रात्री पुसू नका. ज्याला क्रमांक उतरवून घ्यायचा असतो तो सगळ्यांसमोर घेत नाही, सगळे गेल्यावर येतो.