घाटेअळी आणि निंबोळीचं पाणी

हरभऱ्याला फूल आलं, की शेतकऱ्याचा जीव शेतात अडकतो. दोन महिने राबावं, आणि घाटा हातात घेऊन पाहावा, तर त्याला गोल भोक! आत दाणा नाही. हे काम घाटेअळीचं. ही अळी डोकं तेवढं घाट्यात खुपसते, अंग बाहेर ठेवते. एक घाटा संपला की दुसऱ्यावर जाते. कुठे हिरवी असते, कुठे तपकिरी. म्हणून पानात चटकन दिसत नाही. तुरीच्या शेंगा आणि कपाशीची बोंडंही हीच पोखरते.

अळी दिसली की आपण औषधाच्या दुकानाकडे धावतो. पण विषारी औषध जपून वापरलं नाही, तर माणसावर उलटतं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना अनेक शेतकरी आणि मजूर विषबाधेनं दगावले. अळी लहान असतानाच गाठली, तर पुष्कळदा अशा विषाची गरजच पडत नाही. बांधावरचा कडुनिंब कामाला येतो.

१९५९ साली सुदान देशात टोळधाड आली. टोळांनी हिरवं म्हणून काही ठेवलं नाही. कडुनिंबाची झाडं मात्र तशीच उभी राहिली. निंबोळीच्या बीत असं द्रव्य असतं, की ते लागलेलं पान किडीला खावंसं वाटत नाही. थोडं पोटात गेलंच, तर अळीला कात नीट टाकता येत नाही. कात टाकल्याशिवाय अळी वाढत नाही. ती सुस्त होते आणि काही दिवसांनी मरते.

काही दिवसांनी, हे ध्यानात ठेवा. संध्याकाळी फवारलं आणि सकाळी अळी जिवंत दिसली, म्हणजे फवारणी वाया गेली असं नाही. अळी खाते की नाही, ते पाहा.

माझीच गोष्ट सांगतो. पहिल्या वर्षी मी उशीर केला. अळ्या दीड दीड इंच झाल्यावर निंबोळीचं पाणी मारलं. मोठ्या अळीला ते पुरत नाही, हे मला कुठं माहीत? आठ दिवस वाट पाहत बसलो. निम्मा हरभरा गेला. घरी बोलणी खाल्ली ती वेगळीच! पुढल्या वर्षी फूल दिसताच दर दोन-तीन दिवसांनी शेत पाहू लागलो. कोवळं पान खरवडल्यासारखं पांढरट दिसलं, की बारीक अळी तिथंच असते. फवारणीची वेळ तीच.

आता कृती. पंधरा लिटरच्या एका पंपाला पाऊण किलो वाळलेल्या निंबोळ्यांचा कूट घ्या. दोन लिटर पाण्यात रात्रभर भिजत ठेवा. सकाळी ढवळा आणि दुहेरी फडक्यातून पिळून घ्या. चोथ्यावर पुन्हा पाणी घालून पिळा. गाळणं नीट झालं नाही, तर पंपाचं तोंड तुंबतं. त्यात ३० ग्रॅम कपड्याचा साबण विरघळवून घाला. साबणामुळे पाणी पानाला धरून राहतं. मग पंप भरेल इतकं पाणी घाला. उन्हानं याचा जोर जातो, म्हणून संध्याकाळीच फवारा. केलेलं पाणी त्याच दिवशी संपवा. दहा-बारा दिवसांनी बारीक अळ्या पुन्हा दिसल्या, तर पुन्हा फवारा.

अळ्या मोठ्या झाल्या असतील, तर वेचून काढा. फारच झाल्या, तर हट्ट धरू नका, कृषी सहायकाला विचारा.

झाडपाल्याचं औषध म्हणून निर्धास्तही राहू नका. तंबाखूचा काढा करून फवारणारे आहेत. तंबाखूचं विष कातडीतूनही अंगात भिनतं. त्या वाटेला न गेलेलं बरं. निंबोळीचं पाणीसुद्धा मुलांच्या हाती लागू देऊ नका. फवारताना नाकातोंडाला फडकं बांधा.

हरभरा थंडीतला, आणि निंबोळी पिकते ती पावसाळ्याच्या तोंडाला. तेव्हा जून-जुलैतच झाडाखाली पडलेल्या पिवळ्या निंबोळ्या वेचा. गर चोळून धुऊन टाका. बिया सावलीत खडखडीत वाळवा आणि गोणपाटाच्या पोत्यात भरा. प्लॅस्टिकच्या पिशवीत भरल्या, तर बुरशी धरते. एका एकराच्या एका फवारणीला सुमारे दहा किलो लागतात. घरची पोरं दोन-चार सकाळींत एवढ्या सहज वेचतात.