धंद्याचा हिशेब आणि बोलण्याचे बळ



टोमॅटोच्या हंगामात बाजार समितीच्या आवारात थोडा वेळ उभे राहून पाहावे. व्यापारी क्रेटमधील दोन फळे दाबतो, खालचा थर उपसतो आणि एक आकडा उच्चारतो. तो आकडा शेतकऱ्याला पटलेला नसतो, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसते. तरीही बहुतेक वेळा तो "द्या टाकून" म्हणून मोकळा होतो. गाडी खोळंबली आहे, माल फार टिकणार नाही, ही कारणे खरीच आहेत. पण त्यांच्या जोडीला आणखी एक कारण असते. बोललेला भाव आपल्याला परवडतो की नाही, हे त्याला स्वतःलाच नक्की ठाऊक नसते. स्वतःचा आकडा ठाऊक नसेल, तर दुसऱ्याच्या आकड्याशी वाद घालायचा कसा?

शहरांतून हल्ली उद्योजकांना आत्मविश्वास मिळवून देणारे मार्गदर्शक पुष्कळ झाले आहेत. त्यांच्या शिबिरांतील बराचसा भाग आपल्या उपयोगाचा नाही, असे माझे मत आहे. मात्र एक गोष्ट उचलण्याजोगी आहे. चांगला मार्गदर्शक उत्तर सांगण्याआधी प्रश्न विचारतो. आम्ही विस्ताराचे काम करणारे नेमके इथेच चुकतो. नोकरीच्या सुरुवातीला मी एका बागायतदाराला लागवडीचे अंतर, ठिबकमधून द्यावयाची खते, फवारणीचे वेळापत्रक, सारे काही लिहून दिले. उत्पादन वाढले. हंगाम संपल्यावर त्यांनी वही पुढे केली, तेव्हा वाढलेल्या उत्पादनाचा पैसा वाढलेल्या खर्चातच जिरलेला दिसला. खर्च किती येतो, हे मी त्यांना एकदाही विचारले नव्हते. तेव्हापासून शिवारात गेलो की आधी वही मागतो आणि मग पीक पाहतो.

दोन भाव काढा

बाजारात जाताना दोन आकडे खिशात असावेत. पहिला खर्चवसुलीचा भाव व दुसरा तोडणीचा भाव. उदाहरणादाखल एक एकर टोमॅटो घेऊ. समजा मशागत, रोपे, मल्चिंग पेपर, बांबू, तार, सुतळी, खते, औषधे, वीज आणि मजुरी मिळून फळ तोडणीला येईपर्यंत 1,60,000 रुपये लागले. 20 किलोचे 1,200 क्रेट निघतील असा अंदाज आहे. तोडणी, निवड, गाडीभाडे व हमाली यांचा खर्च क्रेटमागे 45 रुपये धरू. 1,60,000 ला 1,200 ने भागल्यास सुमारे 133 रुपये येतात. त्यात 45 मिळवले की 178 रुपये होतात. हा झाला खर्चवसुलीचा भाव. आता करपा आला आणि क्रेट 800 च निघाले, तर हाच भाव 200 अधिक 45, म्हणजे 245 रुपयांवर जातो. म्हणून हा आकडा हंगामात एकदाच काढून भागत नाही. दर आठवड्याला पीक पाहून तो पुन्हा काढावा.

तोडणीचा भाव मात्र 45 रुपयेच राहतो. आधीचे 1,60,000 रुपये माल तोडला तरी गेलेले आहेत, न तोडला तरी गेलेले आहेत. बाजार 100 रुपये असेल तर एकूण पीक तोट्यात असूनही प्रत्येक क्रेटमागे 55 रुपये हाती लागतात, म्हणून तोडणी चालू ठेवावी. बाजार 40 वर आला तर प्रत्येक क्रेटला पदरचे 5 रुपये घालावे लागतात. रागाच्या भरात चांगला भाव चालू असताना प्लॉट सोडणारे आणि आशेवर पडत्या भावात तोडत राहणारे, असे दोन्ही प्रकारचे शेतकरी मी पाहिले आहेत. तुमचे आकडे वरच्यापेक्षा वेगळे येतील, पण रीत हीच राहील.

घरच्यांचे कष्ट वहीत धरा. केंद्राचा कृषी खर्च व मूल्य आयोगसुद्धा तीन प्रकारे खर्च मोजतो. ए-2 मध्ये प्रत्यक्ष केलेला खर्च येतो, त्यात घरच्यांच्या श्रमाचे मोल मिळवले की ए-2 अधिक एफएल होतो, आणि सी-2 मध्ये स्वतःच्या जमिनीचा खंड व भांडवलावरील व्याजही येते. वही घरातील बाईकडे सोपवली तर ती अधिक नीट राहते, असा माझा अनुभव आहे. कोणत्या दिवशी किती मजूर होते, हे तिच्या ध्यानात असते.

बोलण्याचा सराव

आठ-दहा जणांनी एखाद्या संध्याकाळी जमावे. एकाने व्यापारी व्हावे, एकाने शेतकरी, बाकीच्यांनी ऐकावे. व्यापाऱ्याने माल हलका म्हणावा, शेतकऱ्याने प्रतवारी दाखवून उत्तर द्यावे. सुरुवातीला हसू येते. पण वडीलधाऱ्या व्यापाऱ्यापुढे ज्या तरुणाच्या तोंडून शब्द फुटत नाही, तो इथे चार वेळा बोलला की पाचव्यांदा बाजारातही बोलतो. पट्टी वाचण्याचाही सराव करावा. फळे व भाजीपाल्यावरील आडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यावी, असा निर्णय राज्यात जुलै 2016 मध्ये झाला. पट्टीवर तशी कपात दिसली तर ती कशाची, हे शांतपणे विचारावे आणि उत्तर लेखी मागावे.

एकट्याचा आवाज लहान पडतो, हेही खरे. राज्यातील द्राक्ष बागायतदारांच्या सहकारी संस्थांनी 1991 मध्ये महाग्रेप्सच्या रूपाने एकत्र येऊन परदेशी बाजार गाठला. कंपनी कायद्यातील 2002 च्या दुरुस्तीमुळे दहा उत्पादकांनाही मिळून उत्पादक कंपनी काढता येते. मात्र वही न ठेवणारे दहा जण एकत्र आले, तर कंपनीचीही वही राहत नाही. त्यामुळे आधी गट करावा, दोन हंगाम हिशेब एकमेकांना दाखवावेत, नंतर नोंदणीचा विचार करावा.

सल्लागार निवडताना एकच पाहावे. औषध किंवा बियाणे विकून ज्याची कमाई होते, त्याचा सल्ला ऐकावा, पण दुसरीकडे पडताळून घ्यावा. कृषी विज्ञान केंद्रातील विषय विशेषज्ञांकडे जाताना वही बरोबर न्यावी आणि शक्यतो लागवडीपूर्वी जावे. हंगाम संपल्यावर वही दाखवली तर तोटा कुठे झाला एवढेच सांगता येते. लागवडीआधी दाखवली तर बांबूचा खर्च कमी करता येईल का, लागवड दोन टप्प्यांत करावी का, किंवा यंदा अर्धाच एकर लावावा का, हे बोलता येते.