पोकळ चिंबोरी म्हणजे काय?

खेकड्याला आपल्या नागावात चिंबोरी म्हणतात. मालवणकडे आणि गोव्यात तिलाच कुर्ली म्हणतात. बाजारात बायका चिंबोरी हातात तोलून बघतात, अंगठ्याने दाबून बघतात आणि म्हणतात, “ही पोकल हाय, नको. भरलेली दे.” पोकळ म्हणजे आत काही नाही. मग जिवंत चिंबोरी पोकळ कशी असेल?

चिंबोरीला आपल्यासारखी आत हाडे नसतात. तिचे कवच बाहेर असते व ते कडक असल्यामुळे वाढत नाही. आपला सदरा तोकडा झाला की नवा शिवतात, तशी ती जुने कवच टाकून देते. कवचाला मागच्या बाजूने फट पडते आणि चिंबोरी मागे मागे सरकत त्यातून बाहेर येते. पायांची, नांग्यांची, अगदी डोळ्यांवरचीसुद्धा साल निघते! एखादी नांगी तुटलेली असेल तर ती याच वेळी पुन्हा येते, पण आधी लहान असते. नवे कवच मऊ असते. ते कडक होण्याआधी चिंबोरी अंगात पाणी घेऊन फुगते, म्हणजे कवच मोठे होते. आत मांस थोडे आणि पाणी जास्त. म्हणून ती पोकळ. ती आजारी नसते.

याला कात टाकणे म्हणतात. साप टाकतो तीच ही कात. संस्कृतात कृत्ति म्हणजे कातडे. शंकराने कातडे पांघरले म्हणून त्याला कृत्तिवास म्हणतात. कृत्ति या शब्दावरून कात झाला. कातडी हा शब्द त्याचाच भाऊबंद. मोल्सवर्थ साहेबांच्या १८५७ सालच्या शब्दकोशातही सापाची कात दिलेली आहे. पानात घालतात तो कात मात्र वेगळा, तो खैराच्या लाकडापासून करतात. तो कात आणि ती कात!

किनाऱ्यावर पुष्कळदा अख्खी चिंबोरी पडलेली दिसते. मुले म्हणतात, “मेली.” उचलून बघा. हलकी लागली, मागून उघडी असली आणि आत काहीच नसले तर ती कात आहे. चिंबोरी कधीच निघून गेली.

मऊ असताना तिला जोरात चावता येत नाही. मासे आणि दुसऱ्या चिंबोऱ्या तिला खातात, म्हणून ती बिळात नाहीतर दगडाखाली लपून बसते. तेव्हाच पकडली तर तिचा जीव जातो आणि विकणाऱ्यालाही पैसे कमी मिळतात. ज्यांच्या घरी चिंबोऱ्या विकून वह्या-पुस्तके येतात त्यांना हे चांगले ठाऊक आहे. जुनी माणसे सांगतात, अमावास्येला चिंबोरी भरलेली आणि पौर्णिमेला पोकळ. त्यामुळे पौर्णिमेला गिऱ्हाईक जास्त दाबून बघते.

कवच काही दिवसांत कडक होते, मांस भरायला जास्त दिवस लागतात. खेकडे पाळणारे लोक पोकळ चिंबोऱ्या तळ्यात ठेवून त्यांना मासळीचे तुकडे खायला घालतात. साधारण महिनाभरात त्या भरतात आणि मग भाव चांगला येतो.

आमच्या आजीच्या हाताला खाडीत मऊ चिंबोरी लागली तर ती परत चिखलात सोडते. म्हणते, “जाऊ दे तिला, भरून येल.”